सरदारमामांची तलवार

ती घटना आजही आठवते, कारण विसरायची मला सोयच ठेवलेली नाही. निवृत्त होऊन घरी बसलो, तरी चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी लग्नात, बारशाला, अगदी तेराव्याच्या जेवणातसुद्धा मला गाठतं आणि विचारतं, "काय इन्स्पेक्टर, ती तलवार कोणी चोरली होती हो?" उत्तर सगळ्यांना पाठ असतं. तरी विचारतात आणि माझ्या तोंडून ऐकून खूश होतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमचं घराणं तंजावरकडचं. किती पिढ्यांपूर्वी तिथे आलो ते विचारू नका, तोच ह्या गोष्टीतला ताप आहे. तमिळनाडू पोलिसात नोकरी केली आणि बहुतेक वर्षं गुन्ह्यांच्या तपासात घालवली. घरात जुनी तंजावरी मराठी, ठाण्यात तमिळ, आणि बायको सांगलीची. त्यामुळे तुम्ही जी मराठी वाचताय ती तिने लाल पेनाने दुरुस्त केलेली आहे. चांगली वाटली तर श्रेय तिचं.

आता आमच्या समाजाचा आजार सांगतो. चेन्नईत आमच्यापैकी कोणालाही विचारा, पूर्वज एक तर सरदार, नाहीतर किल्लेदार, नाहीतर तंजावरच्या राजांचे सख्खे मामेभाऊ. घोड्याला दाणा घालणारा, पालखी उचलणारा, भात शिजवणारा असा एकही माणूस महाराष्ट्रातून तंजावरला आलाच नाही. सगळेच जर घोड्यावर बसून आले, तर लीद कोणी काढली, असं मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. उत्तर म्हणून कानफटात मिळाली. तेव्हापासून मी ह्या विषयात तोंड घालत नसे. पण नोकरीच अशी, की विषय स्वतःहून चालत ठाण्यात आला.

ठाणं मैलापूरच्या बाजूचं. गणेश चतुर्थी तोंडावर आली होती, बंदोबस्ताच्या याद्या चालू होत्या, आणि ऐन सकाळच्या हजेरीच्या वेळी सरदारमामा आत आले. आमच्याकडे कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात, आणि ह्यांना सगळी मंडळी सरदारमामा म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगा आणि सुनेबरोबर जुन्या फ्लॅटमध्ये राहणारे. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध. त्यांच्यामागे आमच्या मराठी मंडळींच्या सभेचे चिटणीस, आणि चिटणिसांच्या मागे सभेतली अशी सगळी माणसं, ज्यांना घरी काही काम नव्हतं.

"अप्पा, तलवार गेली रे," मामा म्हणाले आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

ही तलवार आम्हा सगळ्यांना माहीत होती. मामांच्या देवघरात पाटावर लाल कापड अंथरून ती ठेवलेली असे आणि मामा रोज तिला गंध-फूल वाहत. दसऱ्याला सभेत ती मधोमध मांडायची, शस्त्रपूजा करायची, आणि पूजेनंतरचा पहिला विडा सरदारमामांच्या हातात द्यायचा, कारण ते सरदाराचे वंशज. दोन पानं आणि एक सुपारी, मान एवढाच. पण त्या विड्याकडे बघून जळणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली आहेत.

माझ्या रायटरने, म्हणजे ठाण्यात लिहायचं काम करणाऱ्या हवालदाराने, नियमाप्रमाणे विचारलं, "हत्याराचा परवाना आहे का?" मामा ताडकन उठले. सरदाराला परवाना विचारतो, हा काय जमाना आला, वगैरे. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी मी तक्रार लिहून घेतली आणि पोच दिली. गुन्हा मात्र लगेच नोंदवला नाही. मला आधी जागा पाहायची होती.

संशय कोणावर, हे मी विचारण्याआधीच चिटणिसांनी सांगून टाकलं. "दुसरं कोण? ती पोरगी. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात दिसते, लांब नळी खांद्याला लावून जिन्यातून उतरताना. आम्ही पाहून आलो." म्हणजे पोलिसांच्या आधी ह्यांचा तपास पूर्ण झालेला होता.

ती पोरगी म्हणजे साताऱ्याकडून इथे आलेली, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका आयटी कंपनीत नोकरी करणारी मुलगी. तिला नाद एकच, वंशावळी काढायच्या, आणि त्याही सरदार-मानकऱ्यांच्या घराण्यांच्या. सुट्टीच्या दिवशी ती आमच्या लोकांच्या घरी जायची, म्हाताऱ्यांना आजोबा-पणजोबांची नावं, गोत्र, कुलदैवत विचारायची, आणि मग ते सगळं जुन्या कागदांशी ताडून बघायची. सभेनेच तिला सरदारमामांच्या घराण्याची वंशावळ काढायला सांगितली होती. दसऱ्याला तिचं प्रकाशन व्हायचं होतं, पाहुणे ठरले होते, जेवणाचा बेतही ठरला होता. तलवार गेल्याची तक्रार आली त्याच्या आदल्या दिवशी ती मामांकडे येऊन गेली, हे खरं होतं.

मी आणि माझी हेड कॉन्स्टेबल बाई मामांच्या घरी गेलो आणि महजर केला. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इथे आजही महजर म्हणतात. शब्द जुन्या मराठी दप्तरातलाच, मराठी माणसं विसरली आणि तमिळ पोलिसांनी सांभाळला. कुलूप तोडलेलं नव्हतं. खिडक्यांच्या जाळ्या जागेवर होत्या. देवघरात चांदीची समई तशीच उभी होती, आणि शेजारचा पाट तेवढा रिकामा. हेड कॉन्स्टेबल बाईंनी मोबाइलवर फोटो काढले आणि लिहून घेतलं: लाल कापडावर तांदळाचे काही दाणे, एक वाळलेलं फूल, पाटाच्या कडेला दह्याचा वाळका डाग. देवघर म्हटलं की तांदूळ, फूल, दही असणारच. आम्ही सह्या घेतल्या आणि निघालो. समई का सोडली, एवढा एकच प्रश्न डोक्यात राहिला.

मग त्या मुलीला बोलावलं. तिच्या खोलीची झडती घेतली. नळी सापडली. आत वंशावळीचा मोठा छापील कागद गुंडाळून ठेवलेला होता, दुसरं काही नाही. मी नळी मोजली, तर तलवारीची मूठ तिच्या तोंडातून आत जाणं शक्यच नव्हतं. हे मी चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, "मूठ काढून टाकली असेल." पात्याची लांबीही बसत नाही, म्हटलं. "मग तुकडे केले असतील." मी फोन ठेवला. एकदा माणसाने चोर ठरवला की पुरावा त्याच्या मागे आपोआप वाकत जातो, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं, पण एवढ्या वेगाने नाही.

मुलीची चौकशी हेड कॉन्स्टेबल बाईंच्या समोर, दिवसा, माझ्या खोलीत केली. ती घाबरलेली होती, पण सरळ बसली होती.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

"मी आजोबांना वंशावळ दाखवायला गेले होते, सर. ते रागावले. मला जायला सांगितलं. मी कागद गुंडाळला आणि आले."

"रागावले कशाने?"

"ते मी नाही सांगू शकत."

"का?"

"त्यांनी निम्मंच ऐकून घेतलं. त्यांच्या घराण्याची गोष्ट आहे. आधी त्यांना पूर्ण सांगेन, मग बाकीच्यांना."

मी कपाळावर हात मारला. ह्या मुलीची कंपनी तिला जर्मनीला पाठवत होती. पासपोर्टचं नूतनीकरण चालू होतं, आणि पोलीस पडताळणी व्हायची होती. तिच्या नावावर चोरीचा गुन्हा दाखल झाला असता तर पासपोर्ट अडकला असता, जर्मनी गेली असती, आणि कंपनीने नंतर नोकरीवर तरी ठेवलं असतं की नाही कोण जाणे. हे सगळं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "माहीत आहे, सर." चोर असती तर एव्हाना दहा गोष्टी रचून सांगितल्या असत्या. ही पोरगी खरं बोलायलाही परवानगी मागत होती. शिष्टाचाराचा एवढा अतिरेक मी आरोपीत कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. प्राथमिक शाळेतले शिक्षक, रजा टाकून गाडीत बसलेले. तमिळचा एक शब्द येत नव्हता, म्हणून ठाण्याच्या बाकावर गप्प बसून राहिले होते. मी मराठीत बोललो तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सायेब, पोरीनं लहानपणी पेन्सिल उचलली न्हाई कुनाची," ते म्हणाले. "हितं तलवार म्हनत्यात. काय वो ह्ये?"

मी त्यांना चहा दिला. दुसरं द्यायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं. हेड कॉन्स्टेबल बाईंनी त्यांच्यासाठी कॅन्टीनमधून चपाती आणवली, कारण सकाळपासून समोर आलेली इडली त्यांनी खाल्ली नव्हती.

मग साक्षीदारांचे जबाब. ते दिवस आठवले की अजून डोकं उठतं. जबाबात नाव, वय, धंदा, आणि त्या दिवशी काय पाहिलं, एवढंच लिहायचं असतं. सभेतला पहिला साक्षीदार बसला आणि म्हणाला, "आधी लिहा, आमचे मूळ पुरुष राजांबरोबर आले." मी म्हटलं, ते नको, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात ते सांगा. तो म्हणाला, मूळ पुरुष लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसऱ्याने सांगितलं, तलवार खरं म्हणजे आमच्या घराण्याची, मामांच्या आजोबांनी ती पाहायला म्हणून नेली आणि दिलीच नाही. तिसरा दुसऱ्याचा भाऊबंद. तो म्हणाला, आमची थोरली पाती, म्हणजे घराण्याची थोरली शाखा, ह्यांची धाकटी, तेव्हा तलवार सापडली तर आधी आमच्याकडे द्या. माझा रायटर तमिळ माणूस. त्याने पेन खाली ठेवून मला विचारलं, "सार, ह्यात त्या मुलीबद्दल कुठे लिहू?" त्याच्या हातातले सगळे जबाब मी वाचले. मुलीला तलवार नेताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त आपापले पूर्वज पाहिले होते.

इकडे सभेची मंडळी थेट सहायक आयुक्तांकडे गेली. मला फोन आला. चतुर्थीचा बंदोबस्त संपला की गुन्हा नोंदवा, संशयित म्हणून मुलीचं नाव घाला, समाजाच्या भावनेचा प्रश्न आहे. मी होय साहेब म्हटलं. समाजाची भावना म्हणजे दोन पानं आणि एक सुपारी, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

चतुर्थीला आम्ही इथल्या पद्धतीने रस्त्यावरून मातीचा गणपती आणतो, वर रंगीत कागदाची छोटी छत्री खोचलेली. विसर्जनाच्या दिवशी बंदोबस्तातून जेमतेम वेळ काढून दुपारी घरी जेवायला आलो. डोक्यात त्या मुलीचा पासपोर्ट. ताटावर बसणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "आधी उत्तरपूजा करा, मग जेवा. मूर्ती तुम्हालाच हलवायची आहे."

मी अक्षता वाहिल्या. बायकोने नैवेद्याचा दहीभात दाखवला, माझ्याकडून 'पुनरागमनाय च' म्हणवून घेतलं, आणि मूर्तीच्या हातावर चमचाभर दही ठेवलं. परत या, असं सांगण्याची ही रीत. मी मूर्ती उचलून जागेवरून थोडी सरकवली. दह्याचे दोन थेंब पाटाच्या कडेवर पडले. पाटावर तांदळाचे दाणे आणि एक फूल राहिलं.

मी त्या पाटाकडे बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, "आता काय झालं?"

"मोबाइल कुठे आहे माझा?"

महजराचे फोटो काढून बघितले. लाल कापड, तांदूळ, फूल, कडेला दही. आमच्या घरचा पाट आणि मामांच्या घरचा पाट एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. तो तांदूळ पूजेतून सांडलेला नव्हता. तलवार जागेवरून हलवण्याआधी तिची रीतसर उत्तरपूजा झाली होती आणि तिला परत येण्याचं निमंत्रणही दिलेलं होतं. असा चोर भारताच्या कोणत्याच ठाण्याच्या नोंदीत नसेल. साताऱ्याची मुलगी असो की सराईत गुन्हेगार, घाईत उचलणारा माणूस आधी पाटावर दही ठेवत नाही. ज्याला ती वस्तू देव वाटते आणि जो तिला लवकरच परत आणणार आहे, तोच असं करतो. आणि घरात असा माणूस एकच होता. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

बंदोबस्त उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, साध्या कपड्यांत मी मामांकडे गेलो. सून कामावर गेली होती, मुलगाही. मामांनी स्वतः कॉफी केली.

"बैस रे अप्पा. कळलं काय काही? पोरीनं कबूल केलं?"

"नाही, मामा. पण चोराबद्दल एक कळलं. चोर मोठा सोवळ्याओवळ्याचा माणूस आहे."

"म्हणजे कसा रे?"

"अक्षता वाहिल्या, फूल वाहिलं, दही ठेवलं, परत या म्हणाला, आणि मग तलवार उचलली."

मामा माझ्याकडे बघायचे थांबले. कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला. आणि मग जे बोलले ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

"देव हाय ती, अप्पा. तशीच उचलायची कशी?"

चोरी करायला मन धजावलं, पण उत्तरपूजा चुकवायला नाही धजावलं. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही तलवार कुठे आहे. खोलीत शिरताना माळ्याकडे माझं लक्ष गेलं होतं. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलू म्हणतात त्याला. त्या बाहुल्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, आणि तिच्या कडीत ताजी जास्वंद खोचलेली होती. बाहुल्यांच्या पेटीला एरवी फूल कोण वाहतं?

"नवरात्रात सून पेटी उघडणारच होती, मामा. तेव्हा काय करणार होतात?"

"त्याच्या आधी परत ठेवणार होतो. सापडली म्हणून सांगणार होतो." मामांनी पेला उगाच बाजूला सारला. "ती पोरगी म्हणाली, आजोबा, तुम्ही सरदाराच्या वंशातले नव्हे. त्यांचं कुलदैवत वेगळं, तुमचं वेगळं. मी म्हटलं, छापू नक्को. ती म्हणाली, खोटं कसं छापू? मग मी कोण रे अप्पा? एवढी वर्षं मी कोणाचा विडा खाल्ला?"

आता कळलं. मुलगी चोर ठरली की तिची वंशावळही खोटी ठरणार, एवढा साधा हिशोब होता. चोराच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? मला म्हाताऱ्याची दया आली, आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला.

"तिचा पासपोर्ट अडकला असता, मामा. नोकरी गेली असती. तिचा बाप ठाण्याच्या बाकावर बसून रडला."

"केस होईल असं मला वाटलं नव्हतं. लोक बोलतील, एवढंच वाटलं."

"पोलिसात तक्रार दिल्यावर केस नाही तर काय भजन होतं?"

बोलून गेलो. वडीलधाऱ्या माणसाशी मी असा कधी बोललेलो नाही, पण त्या दिवशी बोललो आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी तिथूनच फोन लावला आणि मुलीला, तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ठाण्यात नको, इथेच. ती आली, तलवारीचं ऐकलं, आणि पहिल्यांदा रडली. आपल्यावरचं बालंट गेलं म्हणून रडत असेल असं मला वाटलं, तर म्हणते, "आजोबा, मला पूर्ण बोलू दिलं असतंत तर!"

"आता बोल," मी म्हटलं. "आणि मामा, आता मध्ये बोलायचं नाही. हा पोलिसांचा हुकूम समजा."

तिने सांगितलं. सरदाराचा वंश फार पूर्वी थांबला. मागे कोणी वारस नव्हता, नातेवाईक होते ते जे उचलता येईल ते उचलून गेले. तलवार मात्र कोणाला नको होती, कारण तिची पूजा रोज करावी लागायची. सिलेखान्यात, म्हणजे सरदाराच्या हत्यारांच्या कोठीत, राखण करणारा एक माणूस होता. त्याने ती घरी नेली. त्याच्या मुलांनी पुजली, नातवांनी पुजली. तंजावर सुटलं, चेन्नई आली, घरं बदलली, पाट बदलले, पूजा चुकली नाही.

"सरदाराने ती काही वर्षं कमरेला लावली, आजोबा," ती म्हणाली. "तुमच्या घराने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मी हेच छापणार होते."

मामांनी माळ्यावरच्या पेटीकडे पाहिलं. मग तिच्या वडिलांनी घसा खाकरला. इतका वेळ ते दाराजवळच उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

"पावनं, कोन सरदार न् कोन राखनदार त्ये तुमचं तुमी बघा. माझ्या पोरीला चोर म्हनलासा. त्ये आदी मागं घ्या."

सरदारमामा उठले. माझ्या अंदाजाने त्या घराण्यात कोणी कोणापुढे वाकलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं. त्यांनी त्या मुलीपुढे हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं, बाळ." तिने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. मास्तर तेव्हा कुठे बसले.

पुढचं काम मला पडलं. मामांनी तक्रार मागे घेतली, खरं काय ते लिहून दिलं, आणि मी त्यांना सहायक आयुक्तांसमोर उभं केलं. साहेबांनी मामांना झाडलं आणि नंतर मला वेगळं झाडलं. खोट्या तक्रारीची कारवाई का करू नये, असं त्यांनी विचारलं. मुलीची आणि तिच्या वडिलांची तशी इच्छा नाही, असं मी लेखी दिलं. माझी अट मात्र एक होती, आणि ती कागदावर नव्हती. ज्या लोकांसमोर ती चोर ठरली, त्याच लोकांसमोर मामांनी खरं सांगायचं.

दसऱ्याला त्यांनी ते सांगितलं. तलवार मांडली, पूजा झाली, चिटणिसांनी विडा पुढे केला, आणि मामा म्हणाले, "हा विडा सरदाराचा. मी सरदार नव्हे. माझा मूळ पुरुष ही तलवार राखत होता. आणि ती चोरली मीच, ह्या पोरीनं नव्हे." चिटणीस विडा हातात धरून उभे, कोणाला द्यावा त्यांना कळेना. मामांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि त्या मुलीच्या हातात ठेवला.

वाटलं, चला, आता तरी ह्या समाजाच्या डोक्यातली सरदारकी उतरेल. कसली उतरते! पोंगल यायच्या आत मला तीन वेगवेगळ्या घरांतून निरोप आले की आमचे मूळ पुरुषसुद्धा सिलेखान्यातच होते आणि मामांच्या मूळ पुरुषापेक्षा एक पायरी वरच होते. तेव्हा पुढच्या वर्षी विड्याचा विचार व्हावा. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की आता मला घोड्यांची लीद काढणाऱ्याचा वंशज शोधून द्या, पहिला विडा मी स्वतः त्याला देतो. अजून कोणी आलेलं नाही.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं? आपण कोण हे माणसाला शोधायचं नसतं. आपल्याला जे वाटतं तेच निघावं, एवढंच त्याला हवं असतं, आणि तसं निघालं नाही की तो शोधणाऱ्याच्या अंगावर जातो. चौकशीच्या खोलीत मी हे अनेकदा पाहिलं होतं, पण गुन्हेगारांत. घरंदाज माणसांत पाहिलं ते पहिल्यांदा. दुसरं एक शिकलो. माणसाचं तोंड खोटं बोललं तरी जन्मभराची सवय लागलेला हात खोटं करू शकत नाही. मामांनी पोलिसांना फसवलं, सभेला फसवलं, पण रिकाम्या देवघरात, कोणी बघत नसताना, त्यांना दही चुकवता आलं नाही. वंशावळीच्या कागदापेक्षा मला तोच त्यांच्या घराण्याचा मोठा पुरावा वाटतो. तो माणूस राखणदाराच्याच वंशातला.

मुलीचा पासपोर्ट वेळेत आला. ती जर्मनीला निघाली त्या सकाळी मामांचा फोन आला, मला तिच्याकडे घेऊन चल म्हणून. मी गाडी काढली. ती सामान घेऊन खालीच उभी होती, टॅक्सी आलेली. मामांनी पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"परत ये हां, बाळ."

तिने दही खाल्लं. त्यातलं थोडं खाली सांडलं. मामांनी सांडलेल्या दह्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि डोळे पुसत म्हणाले, "इन्स्पेक्टर, हे महजरात लिहू नक्को."